मागाखालचे पाय

नागपुरात गोळीबार चौकाच्या मागच्या एका गल्लीत एक विणकर राहत होता. आजूबाजूचे हातमाग एकेक करून बंद पडले होते. कुणी पॉवरलूमवर गेलं, कुणी हमालीवर. त्याचा मात्र चालू होता. घरातल्या जमिनीत खड्डा, खड्ड्यावर माग आणि खड्ड्यात त्याचे पाय. तो करवतकाठी साडी विणायचा. अंग टसरचं, काठ सुताचा आणि काठावर करवतीच्या दात्यांची नक्षी. काठ आणि अंग एकमेकांत गुंतवायला तीन धोटे लागतात, म्हणून कापड सावकाश सरकतं. तोही सावकाश माणूस होता. वय बेचाळीस, घरी बायको आणि एक मुलगी.

एके दिवशी दोन साड्या कापडात गुंडाळून तो सायकलने गांधीबागेकडे निघाला. वाटेत मागून टेम्पो आला आणि त्याला उडवून निघून गेला. लोक जमले. कुणी पाणी आणलं, कुणी टेम्पोवाल्याला शिव्या घातल्या. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मात्र आधी सिगारेटच्या पाकिटावर टेम्पोचा नंबर लिहिला. मग ऑटो थांबवून त्याने जखमीला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांना घडलं तसं सांगितलं आणि पोलीस आले तेव्हा पाकीट त्यांच्या हातात दिलं. जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असा कायदा आहे. पानवाल्याने नाव आपणहून सांगितलं.

उजवा गुडघा फुटला होता. ऑपरेशन झालं, सळई घातली, जखम भरली. गुडघा मात्र वाकेना. विणकर घरी आला, मागाच्या काठावर बसला, डावा पाय खड्ड्यात सोडला. उजवा लाकडासारखा समोर राहिला. तो उठला आणि त्याने मागावर चादर टाकली.

बायको शेजारच्या पॉवरलूमसाठी कांड्या भरून घर चालवू लागली. लोक म्हणत, टेम्पोवाल्यावर दावा लाव. तो मान हलवायचा. "मी कोणापुढं हात पसरला नाई आजवर. पाय गेला म्हणून भीक मागू?" असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करायचा. असे तीन महिने गेले.

मग एक माणूस घरी आला. गोड बोलायचा. म्हणाला, "भाऊ, केस माझ्यावर सोडा. महिन्याला तीस हजार कमावत होते म्हणून कागद करून देतो. ऐंशी टक्क्यांचं सर्टिफिकेटही आणतो. येईल त्यातलं अर्धं माझं. इथं फक्त सही करा." कागद कोरा होता. त्याने शेजारच्या वस्तीतल्या एकाचं उदाहरणही दिलं. तो गाडीवरून आपला आपणच घसरून पडला होता, पण याने भलत्याच गाडीचा नंबर लावून दावा दाखल करून दिला होता. विणकराने पेन हातात घेतलं. गरज माणसाला कुठवर नेते, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. बायकोने कांडी बाजूला ठेवली, पुढे येऊन कागद उचलला आणि त्या माणसाला परत दिला. "कोऱ्या कागदावर आमच्या घरी कोणी सही करत नाई," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी गल्लीतला म्हातारा विणकर आला. सगळे त्याला काकाजी म्हणत. सगळं ऐकून तो म्हणाला, "बापू, तू दोन्हीकडून चुकून रायला. एक तर काहीच मागत नाई, नाई तर खोटं मागाले निघाला. तुझं जेवढं गेलं तेवढं सांग ना!"

"सांगू कोणाले, काकाजी?"

"चल, दाखवतो."

दुसऱ्या दिवशी दोघे सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयात गेले. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय होतं. अपंग माणसाला तिथून वकील फुकट मिळतो, हे काकाजींनी कुठेतरी ऐकलं होतं. एक तरुण वकीलबाई मिळाल्या. विणकराने त्यांना आधीच सांगून टाकलं, "मॅडम, मले भीक नको."

"भीक नाहीच ही, काका," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर गाडी काढायची तर दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा काढलाच पाहिजे, असा कायदा आहे. टेम्पोवाल्याने हप्ता भरला तो याच दिवसासाठी. कंपनीने पैसे घेतले तेही याच दिवसासाठी. तुम्ही आला नाहीत, तर ते पैसे तिथेच राहतील."

मग त्यांनी विचारलं, "टेम्पोचा नंबर आहे?"

नंबर होता. तो नसता तर पळून गेलेल्या वाहनासाठीच्या सरकारी योजनेत गंभीर जखमीला मिळतात तेवढे 50,000 रुपये मिळाले असते, आणि गोष्ट तिथेच संपली असती. एका पानवाल्याच्या दोन ओळींवर पुढचं सगळं उभं राहिलं.

वकीलबाईंनी कागद मागितले. फिर्यादीची प्रत आणि घटनास्थळाचा पंचनामा पोलिसांकडून आला. दवाखान्याचे कागद आणि औषधांच्या पावत्या बायकोने एका डब्यात जपून ठेवल्या होत्या, अगदी ऑटोभाड्याच्या चिठ्ठ्यांसकट. विणकर सोसायटीच्या पासबुकात मजुरी जमा झालेली दिसत होती, महिन्याला साधारण दहा हजार. अपघाताला पाचवा महिना लागला होता. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल झाला.

पुढे मेडिकल बोर्डाने गुडघा तपासला आणि दाखला दिला : कायमचं अपंगत्व 30 टक्के.

विणकर घरी आला तो कोसळलेलाच. "तीस टक्के! म्हणजे सत्तर टक्के शाबूत हाओ मी? मग हा माग काऊन बंद हाय?" त्या रात्री त्याला गोड बोलणारा माणूस आठवला. सकाळी तो काकाजींकडे गेला आणि म्हणाला, "खऱ्यानं काही होत नाई."

काकाजी म्हणाले, "डॉक्टरनं पाय मोजला. काम अजून कोणी मोजलंच नाई. थांब जरा."

साक्षीचा दिवस आला. विमा कंपनीच्या वकिलांनी सभ्यपणे प्रश्न विचारले. "तुम्ही हातमाग चालवता?" हो. "म्हणजे हाताने विणता?" हो. "हातांना काही इजा झाली?" नाही, साहेब. "दोन्ही हात पहिल्यासारखे चालतात?" विणकर क्षणभर थांबला. होय म्हटलं तर सगळं बुडणार, हे त्यालाही दिसत होतं. तो म्हणाला, "हो साहेब, चालतात." वकील समाधानाने खाली बसले.

मग वकीलबाईंनी काकाजींना साक्षीला बोलावलं. काकाजी उभ्या आयुष्यात कोर्टात बोलले नव्हते. त्यांनी आधी हात जोडले. मग जमिनीकडे बोट दाखवून सांगू लागले, जणू खड्डा तिथेच होता.

"साहेब, मागाखाली पावड्या असतात. एक पावडी दाबली का अर्धे धागे वर जाते, अर्धे खाली. त्या मधातून धोटा फेकायचा. मग दुसरी पावडी दाबायची, तर खालचे वर येते. परत धोटा. हा पाय, मग तो पाय. दिवसभर. हात फक्त धोटा फेकते, साहेब. कापड पायच विणते."

न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं आणि नोंदवून घेतलं.

विम्याच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, "म्हणजे आता हा माणूस काहीच काम करू शकत नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

वकीलबाईंचा श्वास अडकला. होय म्हणणं सोपं होतं, आणि आपल्या माणसासाठी कुणीही होय म्हटलं असतं. काकाजी म्हणाले, "नाई साहेब, तसं नाई. बसून कांड्या भरू शकते. दुसऱ्याले शिकवू शकते. पण त्यात पहिल्या कमाईचा तिसरा हिस्साही सुटत नाई."

विणकराने मान खाली घातली. काकाजींनीच बुडवलं, असं त्याला वाटलं.

निकाल लागायला वेळ गेला, पण लागला. न्यायाधीशांनी लिहिलं की साक्षीदाराने स्वतःच्या बाजूला अडचणीचं उत्तरही खरं दिलं, म्हणून त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पाय तीस टक्के गेला असेल, पण या माणसाची कमावण्याची ताकद सत्तर टक्के गेली आहे. मग हिशेब मांडला. महिन्याला 10,000 रुपये. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात चौथा हिस्सा आणखी. वर्षाचे झाले दीड लाख. बेचाळीस वर्षांच्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाच्या तक्त्याप्रमाणे 14 ने गुणायचं, ते झाले 21 लाख. दाखल्यावरचे तीस टक्के धरले असते तर 6 लाख 30 हजार आले असते. सत्तर टक्क्यांनी आले 14 लाख 70 हजार. दवाखान्याचा खर्च आणि भोगलेल्या वेदनांची भरपाई वेगळी. त्यातली मोठी रक्कम त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगितली.

शेजारच्या वस्तीतल्या त्या माणसाचा दावाही त्याच सुमारास निकाली निघाला. दवाखान्याच्या पहिल्याच कागदावर 'गाडी घसरून पडला' अशी नोंद होती. दावा फेटाळला गेला, आणि खोट्या कागदांची चौकशी मागे लागली ती वेगळीच.

विणकराने मागावरची चादर काढली. मुलगी शिकायला तयार होतीच. ती खड्ड्यात पाय सोडून बसली, तो शेजारी स्टुलावर बसून तिला पावड्यांचा क्रम सांगू लागला. त्याचा गुडघा काही वाकला नाही. तेवढं कोणत्याही कोर्टाच्या हातात नसतं.

असं काही आपल्या घरात घडलं की आपण एक तर गप्प बसतो, नाही तर वाढवून सांगतो. दोन्हींत आपलं खरं नुकसान कुणाला दिसत नाही. 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दोन प्रश्न वेगळे केले : शरीराचं अपंगत्व किती, हा एक प्रश्न; त्यामुळे या माणसाची कमाई किती बुडाली, हा दुसरा. डावा हात गेला तर सुताराचं सगळंच जाऊ शकतं, कारकुनाची नोकरी टिकू शकते. पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचं उत्तर कोर्ट ठरवतं, आणि त्यासाठी ते काम जाणणाऱ्याने तिथे जाऊन सांगावं लागतं, जेवढं आहे तेवढं.

तुमच्या ओळखीत कुणी रस्त्यावर जखमी झालं असेल तर त्याला सांगा : दवाखान्यात पहिल्यांदा खरं तेच नोंदवा, एकही पावती टाकू नका, कोऱ्या कागदावर सही करू नका. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अपंग, अनुसूचित जाती-जमातींतले आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे फुकट वकील मिळतो. आणि बरं वाटेपर्यंत थांबू नका. 1 एप्रिल 2022 पासून कायद्याने दावा लावायला अपघाताच्या दिवसापासून सहाच महिने दिले आहेत.