जुन्या सोबत्यांची हजेरी

दर्यापूर तालुक्यांतील पुष्कळ गांवीं लहानपणीं घर सोडून बोर्डिंगांत शिकलेला एखादा तरी मनुष्य भेटतो. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटींत असे जुने सोबती एकत्र जमतात, कोण कोठें आहे व कोणाचें कसें चाललें आहे हें एकमेकांस सांगतात, आणि मागच्या गोष्टी काढून हसतात. पूर्वीं हें काम पोस्टकार्ड करी. आतां तें हातांतला मोबाईल करतो. यांत निर्दोष आनंद आहे. परंतु त्यांतून एक प्रश्न उद्भवतो, व त्याचा विचार आपण सर्वांनीं करावा असें आम्हांस वाटतें. जुन्या सोबत्यांनीं आपलें वर्तमान एकमेकांस सांगावें तें कशासाठीं? आणि आपणाजवळ सांगण्याजोगें कांहींच नाहीं असें ज्याला वाटतें, त्याचें आपण काय देणें लागतों?

प्रथम हीं बोर्डिंगें कशीं निघालीं हें पाहूं. आपल्या देशांत तीं हौसेनें निघालीं नाहींत, गरजेंतून निघालीं. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत निराधार झालेल्या मुलांकरितां मिशनांनीं ठिकठिकाणीं अनाथगृहें काढलीं. पंडिता रमाबाईंनीं याच काळांत मध्यप्रांतांतील दुष्काळपीडित मुली आणून त्यांस केडगांवीं आसरा दिला. १९२४ सालीं भाऊराव पाटील यांनीं साताऱ्यास निरनिराळ्या जातींचीं मुलें एका छपराखालीं ठेवलीं. त्यांच्या पोटाकरितां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले, व शेवटीं मंगळसूत्रही दिलें. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींच्या मुलांस एका पंगतीस बसविलें. पुढें सरकारनेंही हाच मार्ग धरला. १९८५-८६ सालीं देशांतील पहिलीं दोन नवोदय विद्यालयें निघालीं, तीं हरियाणांतील झज्जर येथें व आपल्या अमरावतीस. या विद्यालयांत सहावीपासून मुलांचें राहणें व जेवण विनामूल्य असतें, आणि शेंकडा ७५ तरी जागा खेड्यांतील मुलांसाठीं ठेवलेल्या असतात.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. घंटा सर्वांस एकच, भाकर एकच, अंथरुणाची जागा सारखीच. जमीनदाराचा मुलगा व मजुराचा मुलगा एका ओळींत बसून आपापलें ताट धूत असत. ही बरोबरी त्या मुलांनीं कमावलेली नव्हती. ती त्यांस कोणीतरी दिलेली होती. म्हणूनच बोर्डिंग सुटतांच ती बहुधा संपते. एक सोबती मास्तर होतो, एक नर्स होते, एक पुण्यास कारखान्यांत लागतो. आणि एक बापाच्या वावरांत परत येतो. दर्यापूरची जमीन पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांतली. माती काळी व कसदार खरी, पण विहिरीचें पाणी खारट, तें पिकास मानवत नाहीं. पऱ्हाटी, तूर, हरभरा, सर्व पावसाच्या भरंवशावर. पाऊस चुकला किंवा भाव पडला कीं कर्ज आलेंच. २००६ सालीं केंद्र सरकारास विदर्भातील ६ जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांकरितां खास मदत जाहीर करावी लागली, त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे होते. तेव्हां जो मागें राहिला तो आळशी होता, असें म्हणण्यास आधार नाहीं.

आतां मेळाव्यांत काय घडतें तें पाहा. ज्याचें बरें झालें तो बोलतो, नवें घर दाखवितो, मुलाचा निकाल सांगतो. मागें राहिलेला ऐकून घेतो, “आमचंबी बरं चाललं,” एवढें म्हणतो, आणि पुढल्या वर्षीं येत नाहीं. त्याला कोणीं घालविलें नाहीं. तरी ज्या पंगतींत तो लहानपणीं निःशंक बसे, त्या पंगतींतून तो उठला.

कोणी म्हणेल, “मग आपलें चांगलें झालें तें लपवावें काय?” मुळींच नाहीं. सोबत्याच्या सुखानें सुखी होणें हा सद्गुण आहे, व तें सुख झांकणें हा खोटा विनय होय. परंतु सांगावयाचें तें पुरतें सांगावें. नवोदयच्या एका शाळेंत सहावीस फार तर ८० मुलें घेतात. ज्याची जागा हुकली त्यानेंही दिव्याखालीं अभ्यास केलाच होता. “मी स्वकष्टानें वर आलों” हें वाक्य अर्धें सत्य आहे. उरलेल्या अर्ध्यांत कोणा लक्ष्मीबाईचें मंगळसूत्र असतें.

दुसरा म्हणेल, “एखाद्याच्या घरचें दुःख विचारणें म्हणजे त्याचा मान घालविणें होय.” यांत तथ्य आहे. चाळीस माणसांदेखत विचारलेला प्रश्न शिक्षेसारखा लागतो. पण न विचारणें म्हणजे मान राखणें असेंही नव्हे. पुष्कळ वेळां त्यांत आपलीच सोय असते. खरा मार्ग असा कीं, त्याच्या अंगणांत जाऊन बसावें, आणि आधीं आपलें अपयश, आपलें कर्ज, आपल्या घरचें आजारपण त्यास सांगावें. जो केवळ यश सांगतो तो दुसऱ्याचें तोंड बंद करतो.

आठवणींचेंही असेंच आहे. चोरून खाल्लेल्या चिंचा सर्वांस आठवतात. परंतु आईकरितां रडून काढलेल्या रात्री, छड्या, अर्धपोटीं निजणें, आणि पळून गेलेलें तें मूल यांचें नांव कोणी काढीत नाहीं. ज्यानें तें सोसलें त्याला अशानें वाटतें कीं, आपलें बालपण खोटें ठरलें. शिवाय आज आपलीं लेंकरें बोर्डिंगांत धाडणाऱ्या आईबापांस व तेथील व्यवस्थापकांस या गोष्टी कळणें अगत्याचें आहे.

बोर्डिंगांत रात्रीं दिवे मालविण्यापूर्वीं हजेरी घेत असत. ती मुलांची संख्या मिरविण्याकरितां नव्हे, तर कोण आला नाहीं हें कळावें व कंदील घेऊन त्यास शोधतां यावें म्हणून. आमच्या मतें जुन्या सोबत्यांच्या भेटीचा हेतूही हाच असावा. म्हणून, वाचकहो, या सुटींत जमाल तेव्हां प्रथम नांवें घ्या. जो आला नसेल त्याच्या गांवीं दोघांनीं जावें. त्यास बियाण्याची, औषधाची किंवा मुलीच्या फीची गरज असेल, तर ती चारचौघांत न बोलतां भागवावी; आणि कांहींच नको असेल, तर त्याच्या घरची भाकर खाऊन यावें.