अक्षर आणि आळस

मुलांना पापनिवेदन संस्काराच्या तयारीसाठी बसवले, म्हणजे आम्ही त्यांच्यापुढे विवेकपरीक्षणाचे काही प्रश्न ठेवतो. आईवडिलांची आज्ञा मोडलीस काय? खोटे बोललास काय? अभ्यासाचा आळस केलास काय? या तिसऱ्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक मूल मान डोलावते. बहुतेकांचा आळस खरा असतो आणि त्या वयाला तो शोभूनही दिसतो. परंतु एखादे मूल असे असते, की ज्याने आळस मुळीच केलेला नसतो आणि तरीही ते सर्वांच्या आधी मान डोलावते. कारण घरी, शाळेत, शेजारीपाजारी त्याला तेच ऐकवण्यात आलेले असते. न केलेल्या पापाची कबुली द्यायला मुलाला शिकवणे, ही गोष्ट साधी नव्हे. म्हणूनच वाचता न येणाऱ्या मुलाचा प्रश्न केवळ शिक्षकांचा वा डॉक्टरांचा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

२००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने 'डिस्लेक्सिया' हा शब्द घरोघरी पोहोचवला. शब्द मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने तो १८८७ साली वापरला. पुढे १८९६ साली इंग्लंडातील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, गणितात चांगला, दृष्टी निर्दोष. पण वर्षानुवर्षे शिकवूनही छापील शब्द त्याला उलगडेना. सर्व शिक्षण तोंडी असते, तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. त्या शिक्षकाचा आम्हांस मोठा आदर वाटतो. मुलाच्या अपयशाला आळस हे नाव देण्याचा सोपा मार्ग त्याने घेतला नाही.

आळसाची ही शंका खरी की खोटी, हे पारखायचे असेल तर आपली लिपी सोडून क्षणभर दूरच्या लिपीकडे पाहावे. चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. एकेक चिन्ह म्हणजे एक अवयव, आणि त्याला बहुधा स्वतःचा अर्थ असतो. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत चिनी मुलाने सुमारे तीन हजार चिन्हे ओळखावीत अशी अपेक्षा असते. ही सारी चित्रे आहेत, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. बहुतेक चिन्हांत एक भाग अर्थाचा आणि दुसरा ध्वनीचा असतो. घोड्याच्या चिन्हाचा उच्चार 'मा'. त्याच्या डाव्या अंगास स्त्रीचे चिन्ह घातले, की 'आई' या अर्थाचा 'मा' होतो. घोड्याचा आईशी संबंध काही नाही, तो फक्त आवाज उसना देतो. चीनमधील मुले प्रथम रोमन अक्षरांतील 'पिनयिन' शिकतात. ही पद्धत १९५८ साली स्वीकारण्यात आली. हाँगकाँगच्या मुलांना बहुधा तोही आधार नसतो. चिन्ह पाहायचे, उच्चार ऐकायचा आणि हाताने पुनःपुन्हा गिरवायचे.

(रोमन अक्षरांत चिनी उच्चार लिहिण्याचा पाया घालणाऱ्यांत आपले येशूसंघीय फादर मातेओ रिची होते. १५७८ साली ते गोव्यास उतरले आणि तेथून पुढे १५८२ साली मकावला गेले. तिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ही लिपी शिकण्यास आरंभ केला आणि स्मरणशक्तीच्या कलेवर चिनी भाषेत पुस्तक लिहिले. असे डोके सर्वांना मिळत नाही.)

अशा लिपीत डिस्लेक्सिया असणारच नाही, असे विद्वानही एके काळी मानीत. १९८२ साली अमेरिका, जपान आणि तैवान येथील मुलांची तुलना प्रसिद्ध झाली, आणि वाचनात अडखळणारी मुले तिन्ही ठिकाणी आढळली. अडखळण्याची जागा मात्र लिपीगणिक थोडी बदलते. इंग्रजी मूल बहुधा शब्दातील ध्वनी सुटे करताना अडते. चिनी मूल सारख्या उच्चाराची अनेक चिन्हे, त्यांचे अर्थ आणि त्यांची घडण यांची सांगड घालताना अडते. २००४ साली एका अभ्यासात चिनी मुलांच्या मेंदूतील अडचणीची जागा इंग्रजी मुलांहून निराळी दिसली. पुढील काही अभ्यासांत साम्यही दिसले. सर्वांत बोलके उदाहरण १९९९ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी बोलणाऱ्या आईवडिलांचा, जपानमध्ये वाढलेला सोळा वर्षांचा एक मुलगा जपानी उत्तम वाचत असे आणि इंग्रजी वाचताना पार कोलमडत असे. तो आळशी असेल, तर एकाच डोक्यातला आळस जपानी पुस्तक उघडताच पळून कोठे जात होता?

आता आपल्या घरी या. मराठी जशी बोलावी तशी लिहिली जाते, असे आपण अभिमानाने म्हणतो. इंग्रजीशी तुलना केली तर ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहा. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत फरक तो किती! ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चार मात्र नंतर करायचा. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, त्याच्या आधी उच्चारायचा. 'जग' हा एकच शब्द दुनियेसाठी एका 'ज'ने आणि जगण्यासाठी दुसऱ्या 'ज'ने. शिवाय कोल्हापुरात मूल गल्लीत "काय करायलास?" म्हणते आणि पुस्तकात 'काय करतो आहेस?' वाचते. बहुतेक मुले हे सारे नकळत ओलांडतात. काहींना यातील प्रत्येक गोष्ट उंबऱ्यासारखी पायाला लागते.

शिवाजी पेठेतील आमच्या एका कुटुंबातील मुलाची गोष्ट अशीच आहे. ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदलून सांगतो. वडील फौंड्रीत कामाला, आई घरी शिवणकाम करते. मुलगा आठवीत, मराठी माध्यमात. आई आम्हांस म्हणाली, "फादर, तोंडी इचारा, घडाघडा सांगतोय. पुस्तक फुडं ठिवलं की पोराची वाचाच बसत्या." धर्मशिक्षणाच्या वर्गात उधळ्या पुत्राचा दाखला त्याने आम्हांस असा सांगितला, की थोरल्या भावाची बाजू इतक्या कळवळ्याने मांडलेली आम्ही क्वचितच ऐकली आहे. तोच दाखला वाचायला दिला, तेव्हा तिसऱ्या ओळीवर तो घामाघूम झाला.

पेठ ही तालमींची आणि फुटबॉलची. येथे माणसाची परीक्षा मेहनतीवर होते. घाम गाळला की यश येते, ही येथली श्रद्धा. त्यामुळे वडिलांनी मुलाला पहाटे उठवले, दहा-दहा पाने लिहायला लावली, कधी हातही उचलला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु तालमीतला वस्तादसुद्धा सर्व पोरांना एकच डाव शिकवीत नाही. तो पोराची चण पाहतो, कोणाला काय झेपेल ते ठरवतो, आणि मगच घाम गाळायला लावतो. वाचनाचेही असेच आहे. अशा मुलाला मेहनतीतून सूट नको. त्याला पद्धतशीर, तुकड्यातुकड्यांनी, डोळा-कान-हात एकत्र आणून शिकवावे लागते, आणि त्यात इतरांच्या दुप्पट मेहनत होते. 'दोष नाही' याचा अर्थ 'प्रयत्न नको' असा आम्ही करीत नाही. पाप घडण्यास जाण आणि संमती लागते, असे संत थॉमस अक्विनास यांच्यापासून ख्रिस्तसभा शिकवीत आली आहे. येथे संमतीच नाही, मग पाप कसले?

सवलतींचा प्रश्न अधिक अवघड आहे. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अडचण मान्य केली. अधिक वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, अशा या सवलती. आमच्याच एका माउलीने विचारले, "फादर, माझी पोरगी रात्र-रात्र जागते. तिला कुठं जादा वेळ मिळतो?" प्रश्न रास्त आहे. पण न्याय म्हणजे सर्वांना सारखे माप नव्हे. ज्याचे त्याला देणे, हा न्याय. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्या मुलीबद्दल आपण तक्रार करीत नाही. आम्हांस बोचते ती दुसरीच विषमता. पुष्कळ वर्षे या अडचणीच्या चाचण्या मुख्यतः इंग्रजीत होत्या, आणि लाभ शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या मुलांना आधी मिळाला. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली, मराठीतही असलेली चाचणी २०१५ साली आली. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेथील मराठी शाळेतल्या मुलाने आपली अडचण आपल्या भाषेत तपासली जावी म्हणून शंभर वर्षे थांबावे, हे आम्हांस पटत नाही. शाळेत येण्याची सक्ती केली, म्हणजे आलेल्या प्रत्येकाला शिकवण्याचे ऋणही आपण पत्करले.

आर्सचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी लॅटिनमुळे सेमिनरीतून परत पाठवले गेले होते. त्यांना डिस्लेक्सिया होता, असे आम्ही म्हणत नाही. पुढे त्यांची परीक्षा फ्रेंच भाषेत घेण्यात आली आणि १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. परीक्षेची भाषा बदलणाऱ्यांनी धर्मगुरूच्या पात्रतेत काही कमी केले, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. आपल्याकडे १६१६ साली छापलेले फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' तरी किती जणांनी वाचले? ते रोमन लिपीत होते. गोव्यातील भाविकांनी ते देवळात बसून ऐकले, आणि ऐकूनच त्यांची श्रद्धा वाढली.

त्या मुलाच्या वडिलांशी आम्ही दोनदा बोललो. तपासणीचे त्यांना पटले आहे. दाखल्याची मात्र भीती वाटते. "फादर, एकदा कागद झाला की पोरावर शिक्का बसला. उद्या लग्नाला कोण पोरगी देणार?" असे ते म्हणाले. शिक्का तर आजच बसला आहे, तो 'आळशी' म्हणून, असे आम्ही उत्तर दिले. त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. अर्ज आईने भरून ठेवला आहे. दहावीला अजून दोन वर्षे आहेत. वडिलांची सही तेवढी व्हायची आहे.