गृहस्थाने कोठे व कसे जेवावे?

श्रीभगवंतांच्या कृपेने ज्यांना दोन्ही वेळा पोटभर अन्न मिळते, अशा सद्गृहस्थांच्या मनात अलीकडे एक शंका वारंवार उद्भवते. रुचकर अन्न आवडीने खाणे हे साधनेत विघ्न आहे काय? आणि मुलाबाळांना घेऊन उपाहारगृहात जेवावयास जाणे, हे नित्य गीतापाठ करणाऱ्याला शोभते काय? कोणी म्हणतात, घराबाहेरचा घास म्हणजे धर्महानीच. दुसरे म्हणतात, पोटात गेल्यावर सर्व अन्न सारखेच. त्यात धर्म कसला पाहावयाचा? पहिल्या मतात दंभाचे भय आहे, दुसऱ्यात स्वैराचाराचे. म्हणून ही दोन्ही टोके बाजूस ठेवून गीतामाउली काय सांगते, ते शांत चित्ताने पाहू.

सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भगवंतांनी चवीची निंदा केलेली नाही. सतराव्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात सात्त्विक आहाराची लक्षणे सांगताना आयुष्य, बल, आरोग्य, सुख व प्रीती यांची वृद्धी तर त्यांनी सांगितलीच. पण ते अन्न ‘रस्य’ म्हणजे रसाळ आणि ‘हृद्य’ म्हणजे मनाला भावणारे असावे, असेही स्पष्ट म्हटले आहे. बेचव, कळाहीन अन्न कपाळाला आठ्या घालून गिळणे म्हणजे सात्त्विकता, हा समज गीतेचा नव्हे. ऊन ऊन भातावर साधे वरण, त्यावर तुपाची धार आणि लिंबाची फोड, एवढे पानात आले आणि ते पाहून मन प्रसन्न झाले, तर त्या प्रसन्नतेत कोणतेही पाप नाही. भात व डाळ यांच्या पोषणातील उणिवा एकमेकींमुळे भरून निघतात, असे आजचे आहारशास्त्र सांगते. आपल्या आजीपणजींनी तर हे जोडपे केव्हाच लावून दिले आहे.

मग दोष कोठे आहे? नवव्या श्लोकात राजस आहार सांगताना कडू, आंबट, खारट, उष्ण, तिखट, रुक्ष व दाहक असे पदार्थ भगवंतांनी गणले. तेथे ‘अति’ हा एक लहानसा शब्द आहे, आणि तो या सर्व शब्दांना लावावा असे श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात सांगून ठेवले आहे. तेव्हा तिखट हा दोष नव्हे, अति तिखट हा दोष. मीठ हा दोष नव्हे, अति मीठ हा दोष. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते. म्हणजे साधारण चहाच्या एका चमच्याच्या आतच. बाहेरच्या चमचमीत पदार्थांत हा ‘अति’ बहुधा सर्वत्र असतो, कारण तेथे जीभ पुन्हा यावी अशी योजना असते. दहाव्या श्लोकात शिळे, दुर्गंधी व उष्टे अन्न तामसात घातले आहे. एकाच तेलात दिवसभर पुनःपुन्हा तळलेले पदार्थ कोणत्या गटात बसतात, हे सुज्ञांना वेगळे सांगावयास नको.

परंतु एवढ्यावरून बाहेरचे अन्न सर्वथा त्याज्य ठरते काय? येथे छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायण या ऋषीची कथा आठवावी. कुरुदेशातील पिकांचा नाश झाला, अन्न मिळेनासे झाले. तो पत्नीसह एका गावी दैन्यावस्थेत राहत होता. एक मनुष्य उकडलेले कुळमाष खात बसला होता. त्याच्यापाशी उषस्तीने अन्न मागितले. त्याने आपल्या पुढ्यातलेच कुळमाष दिले आणि वर पाणीही देऊ केले. ऋषी म्हणाला, पाणी नको, ते उष्टे आहे. तेव्हा त्या मनुष्याने विचारले, हे कुळमाष उष्टे नव्हते काय? ऋषीचे उत्तर असे, की हे खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मात्र मला हवे तेथे मिळेल. उरलेले कुळमाष त्याने पत्नीसाठी नेले. तिला आधीच भिक्षा मिळाली होती, म्हणून तिने ते जपून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शिळे अन्न खाऊन तो राजाच्या यज्ञात गेला आणि तेथील ऋत्विजांना त्याने साममंत्रांच्या देवतांचे ज्ञान दिले. त्या तीन देवतांपैकी एक देवता ‘अन्न’ हीच होती.

वाचकहो, नियमाने पाहिले तर ते अन्न उष्टेही होते आणि शिळेही. तरी त्याने ऋषीची बुद्धी मळली नाही. कारण त्याने ते गरजेपुरते घेतले; गरज संपताच, पाण्याच्या बाबतीत, तो तत्काळ थांबला. आपण चुकतो ते येथे. कुळमाषांचे निमित्त करून आपण पाणीही पितो, आणि मग निमित्त नसतानाही त्याच दारी जाऊन बसतो.

दुसरा प्रसंग महाभारतातील उद्योगपर्वाचा. भगवान श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास गेले. दुर्योधनाने राजेशाही भोजनाची सिद्धता केली होती. भगवंतांनी ते नाकारले. कारण विचारले तेव्हा आधी त्यांनी दूताचा धर्म सांगितला. पुन्हा आग्रह झाला तेव्हा खरे कारण सांगितले. त्याचा भावार्थ असा, की दुसऱ्याचे अन्न दोनच कारणांनी खावे: देणाऱ्याची प्रीती असेल तर, किंवा खाणाऱ्यावर आपत्ती असेल तर. येथे प्रीती नाही, आणि आम्ही आपत्तीतही नाही. असे म्हणून ते विदुराच्या घरी जेवले.

गृहस्थाला यापेक्षा सोपी कसोटी कोणती हवी? प्रीती किंवा गरज. प्रवासात असलेला, रुग्णालयात आप्ताच्या उशाशी बसलेला, पोटासाठी परमुलखी एकटा राहणारा, यांचे बाहेरचे जेवण ही गरज होय. त्याने मनात खंत बाळगू नये. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार ज्या माउलींच्या खाणावळींवर जगले, त्यांचे अन्न काय कमी पवित्र होते? त्याच कष्टकरी स्त्रियांसाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्या नावातच सर्व अर्थ आला. माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ साली उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले, ते केळीच्या पानावरच्या साध्या पोटभर जेवणासाठी प्रसिद्ध झाले. पुरीच्या आनंदबाजारात मातीच्या भांड्यांत शिजलेला जगन्नाथाचा महाप्रसाद भक्त लहानथोर न पाहता एकत्र खातात. अमृतसरच्या लंगरात एका पंक्तीला राव आणि रंक बसतात. ही सर्व ठिकाणे घराबाहेरचीच आहेत. तेव्हा उंबऱ्याच्या आत की बाहेर, एवढ्यावर अन्नाची शुद्धी ठरत नाही.

आणि घरातले अन्न घरातले म्हणूनच शुद्ध, असेही नाही. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. नोकरी उत्तम, घरात सुबत्ता, दर रविवारी पत्नी व मुलांसह उपाहारगृहात जेवण ठरलेले. वृद्ध आई घरीच थांबे. “माझं काय रे, मी आपला दूधभात खाईन,” असे ती म्हणे, आणि तिला दुसऱ्यांदा कोणी विचारत नसे. एरवी स्वयंपाक तिच्याच हातचा. एके दिवशी आमटी फार खारट झाली. चिरंजीवांनी ताट दूर सारले आणि सर्वांदेखत म्हटले, “आई, तुला आता जमत नाही, तर करतेस कशाला?” म्हातारी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात गेली नाही.

काही दिवसांनी तिच्या नातीने वडिलांना सांगितले, की आजी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय काही चाखत नाही. म्हणून मीठ तिला हाताच्या अंदाजानेच घालावे लागते, आणि आता तिचा हात कापतो. हे ऐकून त्या गृहस्थांना रात्रभर झोप आली नाही. ज्या अनोळखी आचाऱ्याच्या हातचे दर आठवड्याला वाखाणून खावे, त्याला पैसे देऊन वर आभारही मानावे. आणि जिने पन्नास वर्षे देवाच्या आधी स्वतः घास घेतला नाही, तिच्या चिमूटभर मिठाचा हिशेब चारचौघांत मागावा! ते मला म्हणाले, “त्या दिवशी माझ्या घरात दुर्योधनाची पंगत झाली होती, आणि यजमान मीच होतो.”

त्यांनी आईची क्षमा मागितली. आता सकाळी हात धुऊन ते स्वतः चुलीपाशी उभे राहतात. आई सांगते, ते मीठ घालतात. पुढच्या रविवारी त्यांनी आईलाही बरोबर नेले. एका साध्या उडुपी उपाहारगृहात ताट समोर आल्यावर तिने सवयीने ताटाभोवती पाणी फिरविले, हात जोडले आणि हळूच म्हणाली, “किती वर्षांनी मला कोणी वाढलं रे!” त्या एका वाक्याने आमच्या मित्राला जे कळले, ते अनेक प्रवचनांनी कळले नव्हते. त्या दिवशीचे ते बाहेरचे जेवण प्रीतीचे होते. म्हणून ते विदुराघरचे होते.

तिसऱ्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकात केवळ स्वतःसाठी शिजविणाऱ्यांना भगवंतांनी कठोर शब्द लावले आहेत. केवळ स्वतःच्या जिभेसाठी खाणाऱ्यालाही ते शब्द लागू आहेत, हे विसरू नये. उपवासाने विषय दूर होतात पण मनातील गोडी राहते, आणि ती परमेश्वराच्या दर्शनानेच जाते, असे दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. म्हणून जिभेशी नुसती मारामारी करून भागत नाही. नवव्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या श्लोकाप्रमाणे जे खावे ते त्याला अर्पण करून खावे. म्हणजे गोडी राहते, पण तिची दिशा पालटते.

आचरणास सोपे असे काही नियम येथे देतो:

१. दिवसातून एक जेवण तरी सर्व कुटुंबाने एकत्र बसून, मोबाईल दूर ठेवून करावे.

२. अन्नाला नावे ठेवू नयेत. उणे असेल ते नंतर, एकांतात, गोड शब्दांनी सांगावे. चांगले असेल ते तेथेच, सर्वांसमोर सांगावे.

३. पुरुषांनी व मुलांनीही स्वयंपाकातील काही काम नित्य करावे. जी शेवटी जेवते, तिला आठवड्यातून एकदा तरी पहिल्या पंक्तीला बसवून वाढावे.

४. बाहेर जाण्यापूर्वी मनाला विचारावे: ही प्रीती आहे, गरज आहे, की केवळ चोचले? पहिल्या दोहोंसाठी आनंदाने जावे. तिसऱ्यासाठी निघालो असू, तर त्या दिवशी घरी पिठले-भाकरी करावी; तिची गोडी काही कमी नसते.

५. घरी वा बाहेर, पानात टाकू नये. वाढणाऱ्याशी नम्रतेने बोलावे. त्याच्या हातूनही अन्नपूर्णाच वाढीत असते.

६. पहिल्या घासापूर्वी क्षणभर डोळे मिटून देवाचे व शेतकऱ्याचे स्मरण करावे.

पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात, की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच अन्न पचवितो. जेवणारा आपण, पण जेवण घेणारा तो! हे ज्याच्या ध्यानी आले, त्याचे घरचे ताट नैवेद्य होते आणि बाहेरचे ताटही प्रसाद होते. आज रात्री पानावर बसाल, तेव्हा आधी वाढणाऱ्या माउलीच्या मुखाकडे एकदा पाहावे, आणि मग घास घ्यावा.

श्रीकृष्णार्पणमस्तु.