विकराचे स्थैर्य आणि क्षणिकत्वाचा वाद

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात, ज्याला लोक पांडवलेणी म्हणून ओळखतात, बौद्ध विहारांच्या रांगेतच एक लहान जैन लेणे आहे. बदलणारी वस्तू तीच राहते काय, या प्रश्नावर शतकानुशतके भांडलेल्या दोन परंपरा तेथे एकाच कड्यात शेजारी नांदतात. विकर, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रियांना वेग देणारे प्रथिन, समोर ठेवले तर तो वाद अधिक नेमका मांडता येतो. अर्थात प्राचीनांना विकरे ठाऊक होती, असे म्हणण्याचा उतावळेपणा येथे अभिप्रेत नाही.

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, ती वनस्पतींच्या श्वसनातील सायटोक्रोम-सीच्या संशोधनावर. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणाऱ्या, कडधान्यांतील द्रव्यांचाही अभ्यास केला. सायटोक्रोम-सी काटेकोर अर्थाने विकर नव्हे, तर इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे प्रथिन आहे. त्याची त्रिमितीय रचना तेव्हा कोणीच पाहिलेली नव्हती. ते ओळखू येई ते कृतीवरून, कारण इलेक्ट्रॉन मिळताच वर्णपटात ५५० नॅनोमीटरजवळ ठळक काळा पट्टा उमटे आणि तो दिला जाताच पट्टा पुसट होई. सातव्या शतकातील बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने अस्तित्वाची कसोटी म्हणून अर्थक्रियाकारित्व, म्हणजे कार्य घडवण्याचे सामर्थ्य, हेच सांगितले होते. अपरिवर्तनीय वस्तूला कोणतेही कार्य करता येणार नाही, म्हणून जे सत् ते क्षणिक, हा त्याचा पुढचा निष्कर्ष.

या युक्तिवादाच्या पहिल्या अर्ध्या भागाला १९९२ च्या एका प्रयोगाशी ताडून पाहता येते. रिबोन्यूक्लिएज या विकराचा स्फटिक सुमारे उणे ५३ अंश सेल्सिअसखाली नेल्यावर, रचना जवळपास तीच असूनही, अणूंची लवचीक हालचाल थांबल्यामुळे ते विकर समोरचा रेणू धरू शकेना.

दुसरा अर्धा भाग मात्र इतक्या सहज मान्य होत नाही, कारण विकर क्रियेनंतर मूळ रूपात परततेच. तत्त्वार्थसूत्रातील जैन भूमिका, की उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य (उपजणे, नष्ट होणे, टिकून राहणे) या तिन्हींनी युक्त तेच सत्, येथे अधिक समर्पक वाटते. तरीही बौद्ध पक्ष निरुत्तर होत नाही: परतते ते विकर पूर्वीचेच नसून त्याच संतानातील, म्हणजे कारणपरंपरेतील, सदृश क्षण आहे, असे तो म्हणेल, आणि पेशी आपली प्रथिने सतत मोडून नव्याने घडवते, हे पाहता त्या उत्तराला बळही मिळते. दोन्ही पक्षांना प्रत्येक निरीक्षण मान्य असल्याने, त्यांच्यातला निवाडा वर्णपटमापकाकडून होणारा नाही.