खणातले फोन

बिट्टन मार्केटच्या हाटात मेथीच्या दोन जुड्या आणि पाव किलो आलं घेतलं, कोड स्कॅन केला आणि फोन काळाठिक्कर पडला. बॅटरी ३४ टक्के दाखवत होती. भाजीवाल्यानं माझ्यामागची गर्दी पाहिली आणि म्हणाला, ‘‘बाबूजी, कल दे देना.’’ पैसे खात्यात होते, फोन हातात होता. तरी मी उधारीचं गिऱ्हाईक झालो.

घरी सल्ल्यांचा पाऊस पडला. पुण्याच्या लेकीनं कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगितले, नातवानं प्रोसेसरचं नाव, शेजाऱ्यांनी दिवाळीची सूट. हे सगळे गुण पहिल्या दिवसाचे. दुकानात प्रत्येक फोन नवरदेवासारखा सजलेला असतो. मला मुंडावळ्या उतरल्यानंतरचा, हजाराव्या दिवसाचा फोन पाहायचा होता.

म्हणून आधी जुन्याच्या दुखण्याचा छडा लावला. न्यू मार्केटमधल्या दुरुस्तीवाल्यानं पाठ उघडली, बॅटरीकडे पाहिलं आणि ‘‘फूल गई है’’ एवढंच म्हणाला. लिथियम-आयन बॅटरी वयाबरोबर दोन्ही अंगांनी खंगते: साठवण घटते आणि आतला विद्युतरोध वाढतो. कॅमेरा, नेटवर्क आणि पडदा यांनी एकदम वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. टक्के मात्र शिल्लक दिसतात. जुन्या आयफोनचा वेग आपण कमी करत होतो, हे अ‍ॅपलनं २०१७ च्या डिसेंबरात मान्य केलं, तेव्हा दिलेलं कारण हेच होतं. नवी बॅटरी बसली, फोन तरतरीत झाला आणि मी गड जिंकल्याच्या थाटात घरी आलो. महिन्याभरात बँकेच्या अ‍ॅपनं दारातच अडवलं: फोनची प्रणाली जुनी आहे. माझ्या मॉडेलला सुरक्षा-अपडेट मिळणं दोन वर्षांपूर्वीच थांबलं होतं.

फोनला दोन मरणं असतात. एक हातात येतं. ते कारागीर टाळू शकतो. दुसरं कंपनीच्या कॅलेंडरवर आधीच लिहिलेलं असतं आणि त्यावर न्यू मार्केटमध्ये औषध नाही.

टिकाऊपणाचा धडा मला घरातच मिळाला होता. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरकडची कितीतरी मराठी बिऱ्हाडं सरकारी नोकरीमागे इथे आली. त्यातलं एक आमचं. वडिलांचं एचएमटीचं घड्याळ दर दोन-तीन वर्षांनी चौकातल्या घडीसाजाकडे तेलपाण्याला जाई. टिकाऊ म्हणजे न बिघडणारं असं त्यांनी कधी मानलं नाही. बिघडल्यावर गावात नीट होणारं ते टिकाऊ. पण त्या काळाचे गोडवे गाण्यातही फसगत आहे. घड्याळ थांबलं तर फक्त वेळ चुके. फोन अडला की पेन्शनचं जीवन प्रमाणपत्र, सिलिंडरचं बुकिंग, डॉक्टरांचा नंबर सगळंच अडतं. घडीसाजावरचा भरवसा आता दूरच्या कंपनीच्या शब्दावर ठेवावा लागतो. मग तो शब्द तरी नीट वाचून घ्यावा.

दुकानात मी उलट्या टोकाकडून प्रश्न विचारले. सुरक्षा-अपडेट कुठल्या सालापर्यंत? मुदत मी घेतल्या दिवसापासून मोजायची, की मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून? मोठ्या सवलतीचं एक कारण इथेच सापडतं: त्या फोनचं आयुष्य खोक्यातच सरत आलेलं असतं. बॅटरी बदलायला किती लागतील? सुटा भाग भोपाळात मिळतो की इंदूरहून मागवावा लागतो? २०२३ मध्ये गूगलनं पिक्सेल ८ ला आणि २०२४ मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षांची अपडेट कबूल केली. स्वस्त फोनांत ही मुदत मॉडेलगणिक बदलते. कंपनीच्या नावावर जाऊन चालत नाही.

युरोपीय संघानं हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या चिकाटीवर सोडलेला नाही. २० जून २०२५ पासून तिथे नियमच आहे: विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट, सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग आणि ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी. आपल्याकडे २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल आलं, २०२५ च्या मे महिन्यात, वस्तू किती सहज दुरुस्त होते हे आकड्यात सांगणाऱ्या दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल सरकारला मिळाला. मी पाहिलेल्या एकाही खोक्यावर तो आकडा नव्हता.

दुकानदार हसला. ‘‘बाबूजी, अभी लिया भी नहीं, और मरने की बात!’’

पण भोपाळकराला ही सवय असायलाच हवी. १९८४ च्या डिसेंबरातल्या वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर युनियन कार्बाइडचा कारखाना थांबला. त्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांतून पीथमपूरकडे निघाला. मध्ये चाळीस वर्षं गेली. फोनची तुलना त्या रात्रीशी करणं हा गेलेल्यांचा अपमान ठरेल. मला सांगायचंय ते एवढंच: वस्तू आणताना वाजतगाजत आणतात, ती कोण उचलणार हे तेव्हाच ठरलं नाही, तर तो हिशेब गावाच्या नावावर चढतो.

मी फोन घेतला तो मधल्या किमतीचा, बेताच्या कॅमेऱ्याचा, पण २०३१ पर्यंत अपडेटची लेखी हमी असलेला. ते साल खोक्यावर जाड पेनानं लिहून ठेवलं.

मग जुना फोन ठेवायला टेबलाचा खण ओढला. आत आधीचे तिघे होते, आपापल्या चार्जरच्या वायरीत गुरफटलेले. या शहरात कबाडखाना नावाची अख्खी वस्ती आहे. देशातलं पहिलं ई-वेस्ट क्लिनिक २०२० च्या जानेवारीत इथेच उघडलं. २०२२ च्या नियमांनुसार ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला शेवटाचे प्रश्न विचारणारा मी मात्र वर्षानुवर्षं खण ढकलून मोकळा होत आलो.

भाजीवाल्याची उधारी दुसऱ्याच दिवशी फेडली. या चौघांची अजून बाकी आहे.