मिटता येणारे कान

पंचवीस हजार रुपयांच्या आसपास किमतीचे दोन इअरबड समोर ठेवले, तर त्यांतले चांगले कोणते, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराचा आहे. ज्याला घ्यायचे आहेत त्याने चार ठिकाणी चौकशी करावी, कानांत घालून पाहावेत आणि पैसे मोजावेत. त्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कुणीही म्हणेल. मला मात्र हा प्रश्न दुकानात सुटणारा वाटत नाही. चांगले कान कोणते हे ठरवायचे, तर कान कशासाठी आहेत हे आधी ठरवावे लागते. आणि तिथे आपण नीतीच्या प्रांतात शिरतो.

निसर्गाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना दिल्या नाहीत. नको असलेले दृश्य डोळे मिटून टाळता येते. नको असलेला आवाज टाळण्याची सोय देहात नाही. झोपेतसुद्धा कान पुरते झोपत नाहीत, म्हणून तर मध्यरात्री मूल रडले की आई उठते. कानांच्या या सदा उघड्या स्थितीवर आपल्या भाषेने बराच विचार केलेला दिसतो. पुष्कळ ऐकलेल्या माणसाला आपण बहुश्रुत म्हणतो आणि त्याचा अर्थ शहाणा असा करतो. चुकलेल्याची आपण कानउघाडणी करतो. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला आहे. आणि एखाद्या गोष्टीची जबाबदारी झटकून टाकणाऱ्याविषयी आपण म्हणतो की, त्याने कानांवर हात ठेवले. कान झाकणे आणि जबाबदारी नाकारणे या दोन गोष्टी मराठी माणसाने एकाच शब्दप्रयोगात बांधून ठेवल्या आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता या दोन वस्तूंकडे वळू. एक सोनी कंपनीचे डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५, २०२३ साली आलेले. दुसरे ॲपलच्या एअरपॉड्स प्रोची दुसरी पिढी, २०२२ साली आलेली; तिसरी पिढीही २०२५ साली निघाली. दोहोंचा मुख्य चमत्कार एकच आहे. आवाज ही हवेतली लाट असते. त्या लाटेच्या नेमकी उलटी लाट त्याच क्षणी निर्माण केली, तर दोघी एकमेकींना गिळतात आणि उरते ती शांतता. या कल्पनेचे अमेरिकन पेटंट पाउल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ सालीच मिळाले होते. अमर बोस यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक. इंग्रज सरकारचा ससेमिरा चुकवून ते अमेरिकेत गेले होते. या अमर बोसना १९७८ साली झुरिचहून बोस्टनला जाताना विमानाच्या घरघरीत संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच या प्रश्नाची आकडेमोड सुरू केली. १९८९ साली त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी तसे हेडफोन बाजारात आणले. त्या अवजड हेडफोनांतली युक्ती आज सहा ग्रॅमही वजन नसलेल्या बोंडात मावते.

दोघांत फरक आहेत. सोनीच्या बडांना फोमची टोके असतात. ती बोटांनी दाबून कानात घातली की फुगतात आणि कानाचे भोक गच्च बुजवतात. एका भरणीत ते आठ तास चालतात, ॲपलचे सहा तास. सोनीचे बड कुठल्याही फोनशी जमवून घेतात. ॲपलचे खरी मैत्री ॲपलच्याच फोनशी करतात. गाण्यातली बारीक कलाकुसर ऐकण्याचा ज्याला छंद आहे, तो बहुधा सोनीच्या बाजूला झुकेल. पण दोघांतही आणखी एक सोय आहे. बड कानात असतानाच बाहेरचे जग सूक्ष्म मायक्रोफोनमधून आत घेता येते. ॲपल तिला ट्रान्सपरन्सी म्हणते, सोनी ॲम्बियंट साउंड म्हणते. म्हणजे हे यंत्र कानाला पापणी देते. ती मिटताही येते, उघडताही येते. तुलना करायची तर या पापणीची करायला हवी.

पुण्याला नोकरी करणारे माझे दोन जुने विद्यार्थी हळदीच्या दिवसांत गावी आले होते. एकाकडे हे, दुसऱ्याकडे ते. दोघांचा वाद चालू होता आणि निवाडा मास्तरांनी करावा अशी त्यांची इच्छा होती. शेजारी हळद पॉलिश करण्याचे काम सुरू होते. हळद शिजवून, वाळवून झाली की जाळीदार पत्र्याच्या ड्रममध्ये भरतात. ट्रॅक्टरच्या जोरावर ड्रम फिरतो, कुड्या एकमेकींवर घासतात, वरची खरबरीत साल निघते आणि सोन्यासारखा रंग दिसू लागतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या मानाच्या मागे हा खडखडाट आहे आणि त्याच्याजवळ दिवसभर उभी असलेली माणसे आहेत.

मी सोनीचे बड घातले. ट्रॅक्टरची घरघर जवळजवळ नाहीशी झाली आणि ड्रमचा खडखडाट कुठे तरी दुसऱ्या गावात चालला असावा तसा वाटू लागला. मग ॲपलचे घातले. इथेही घरघर गेली, किंचित कमी गेली असे वाटले. मग पोराने दांडी दाबली आणि जग परत आले. ते इतके सहज आले की कानांत काही आहे याचा विसर पडावा. ड्रम होता तिथे ड्रम, बायकांचे बोलणे होते तिथे बोलणे. सोनीच्या बडांतूनही जग आत आले, पण ते यंत्रातून आल्याचे जाणवत राहिले. मिटण्यात सोनी सरस, उघडण्यात ॲपल सरस, असा माझ्यापुरता निकाल लागला.

त्या वेळी एक गोष्ट लक्षात आली. कान मिटलेले असतानाही एका बाईने मारलेली हाक मला पुसट ऐकू आली. यंत्राने ट्रॅक्टर गिळला, हाक पुरती गिळता आली नाही. त्याला साधे कारण आहे. एकसुरी, खर्जातला आवाज पुढच्या क्षणी कसा असेल याचा अंदाज बांधता येतो, म्हणून त्याची उलटी लाट तयार करता येते. माणसाचा आवाज चढतो, उतरतो, अचानक येतो, अचानक थांबतो. तो अडवायला फोमचे टोक लागते, आणि तेही न पुरल्यास गाणे मोठे करावे लागते. यंत्राला जे सहज पुसता येत नाही, ते पुसण्याचे काम ऐकणाराच पुरे करतो.

इथे मला मूळ मुद्दा दिसतो. आजवर ऐकू येणे ही आपल्या हातातली गोष्ट नव्हती. शेजारच्या घरातले भांडण कानावर पडले, तर त्यात आपले पुण्य नव्हते. नाही पडले, तर पाप नव्हते. आता कानाला पापणी आली आणि ऐकणे ही निवड झाली. जी गोष्ट निवडीची झाली, तिच्याबद्दल आपण जबाबदार ठरतो. "मला ऐकू आले नाही" हे वाक्य कालपर्यंत खुलासा होता. आज तो कबुलीजबाब होऊ शकतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. माणसाला शांततेचा हक्क नाही काय? एका खोलीच्या घरात दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीने टीव्ही, पिठाची गिरणी आणि लग्नाचा डीजे हे सगळे ऐकत बसावे, असे का? तिने ऐकू नये. तिच्या कानांत बड असतील तर मी तिला शाबासकीच देईन. आता दोन-तीन हजारांतही ही सोय थोडीफार मिळू लागली आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. शिवाय बाहेरचा गोंगाट कमी झाला की गाणे कमी आवाजात ऐकून भागते. ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपेक्षा जास्त ऐकू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बड नीट वापरले तर कानांचे रक्षणच होते. आणि ॲपलच्या याच बडांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ साली, ऐकू कमी येणाऱ्या प्रौढांसाठी श्रवणयंत्र म्हणून वापरण्याची मान्यता दिली. मिटण्याचे साधन कुणाला तरी कान देऊन गेले. म्हणून मी या वस्तूंना नावे ठेवायला बसलेलो नाही.

पण शांततेचा हक्क आणि विकत घेतलेली शांतता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. शाळा, दवाखाने, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरवता येते. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे. अपवाद थोडे आहेत. हे सगळे कागदावर आहे, आणि लग्नसराईत परीक्षेचे पेपर चालू असताना वर्गाच्या खिडक्या कशा थरथरतात, हे कुठल्याही मास्तरला विचारावे. हा नियम अमलात यायचा तर तक्रार करणारे लोक लागतात. ज्यांच्या तक्रारीला वजन आहे, ते जर पंचवीस हजार देऊन आपापल्या कानांपुरती शांतता घेऊन मोकळे झाले, तर तक्रार करायची कुणी? पाण्याच्या बाबतीत आपण हे पाहिले आहे. ज्याने घरात शुद्धीकरणाचे यंत्र बसवले, त्याला नळाच्या पाण्याचा वास यायचा थांबतो. त्यानंतर नळाला कसले पाणी येते, याची काळजी ज्यांचे कुणी ऐकत नाही त्यांच्याकडे उरते. जे दुःख सर्वांचे असते तेच दूर करायला सगळे उठतात. त्यातून आपली सुटका आपल्यापुरती करून घेणे हा गुन्हा नव्हे; पण सुटल्यावर मागे राहिलेल्यांचा विसर पडणे ही मात्र नैतिक बाब आहे.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. गोंगाट कशाला म्हणायचे, हे कोण ठरवतो? आमच्या जिल्ह्याला या प्रश्नाची फार जुनी ओळख आहे. नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि तिथून औंढा नागनाथ काही दूर नाही. लोक सांगतात, की नामदेव देवळासमोर कीर्तन करीत होते, तेव्हा पुजाऱ्यांना त्याचा उपद्रव वाटला आणि त्यांनी त्यांना देवळामागे जायला सांगितले. नामदेव मागे गेले, तिथे गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. ही कथा इतिहास म्हणून कुणी मानो वा न मानो. तिच्यातला प्रश्न खरा आहे. पुजाऱ्यांच्या दृष्टीने तो गोंगाट होता. त्यांनी उलटी लाट सोडली नाही, माणूस मागे पाठवला. काम तेच झाले. आणि कथेने सांगितले, की ज्याला तुम्ही आवाजाबाहेर काढले तिकडेच देव तोंड करून बसला आहे. हळदीचा ड्रम मला गोंगाट वाटतो. ज्याचा माल आहे त्याला ती वर्षाची कमाई वाटते. जो मजूर तिथे उभा आहे त्याच्या कानांचे काय होते, ते त्याला कुणी विचारत नाही. आवाज आणि गोंगाट यांतली रेघ हवेत नसते. ती ऐकणाऱ्याच्या गरजेने आणि पुष्कळदा त्याच्या अधिकाराने आखली जाते.

याच औंढा तालुक्यात, दुधाळ्याला, आता एक निराळाच कान उभा राहतो आहे. लायगो-इंडिया या प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत लेसरचा प्रकाश, टोकांना टांगलेले आरसे. अवकाशाला जाणारा कंप त्याने टिपायचा आहे. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांची धडक टिपली. ती सुमारे एकशे तीस कोटी प्रकाशवर्षे दूर झाली होती, आणि चार किलोमीटरच्या भुजेत तिने पाडलेला फरक प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा होता. इतके बारीक ऐकायचे तर जमिनीची थरथर, वारा, रस्त्यावरचा ट्रक, सगळे बाजूला सारावे लागते. त्यासाठी वापरतात ती युक्ती इअरबडांचीच: जमीन जशी हलेल तिच्या उलट हालचाल करून आरसे स्थिर ठेवायचे.

तरीही या मोठ्या कानात आणि खिशातल्या बडांत एक भेद आहे, आणि तो मला शिकवण्याजोगा वाटतो. तिथे गोंगाट फेकून देत नाहीत. हजारो उपकरणे त्याची नोंद ठेवतात, कारण टाकलेल्यात काही कामाचे तर गेले नाही ना, हे तपासावे लागते. शिवाय एकट्या कानावर तिथे विश्वास नाही. लिव्हिंगस्टनने ऐकलेले सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डनेही ऐकले, तेव्हा ते खरे धरले गेले. आणि तिथली शांतता ही अधिक दूरचे ऐकण्यासाठी आहे. आपल्या शांततेचीही परीक्षा हीच असावी. कान मिटून आपण काही अधिक ऐकतो काय? अभ्यास करणारी मुलगी ऐकते. ज्याला केवळ स्वतःची आवड पुन्हा पुन्हा ऐकायची आहे, तो ऐकत नाही.

दोन्ही बडांत एक छोटी सोय आहे, तिने मला बराच वेळ विचारात पाडले. ती चालू ठेवली, तर बड घातलेला माणूस बोलू लागताच सोनीचे गाणे थांबते, ॲपलचे गाणे हळू होते आणि बाहेरचा आवाज आत येतो. लक्षात घ्या, घातलेला माणूस बोलू लागताच. समोरच्याने बोलून ही सोय चालू होत नाही. आपण बोललो की दार उघडते. दुसऱ्याने हाक मारली तर ते बंदच राहते. कंपन्यांचा त्यात दोष नाही, कारण समोरचा आपल्याशीच बोलतो आहे हे यंत्राने कसे ओळखावे? पण जे यंत्राला ओळखता येत नाही, ते ओळखण्याचे काम बड घालणाऱ्याकडेच राहते.

तेव्हा माझ्या दोन विद्यार्थ्यांना मी निकाल दिला तो असा. रेल्वेत, विमानात, कारखान्याच्या बाजूला बसून काम करायचे असेल, तर सोनीचे घ्यावेत. घरात, गावात, चार माणसांत वावरायचे असेल, तर ॲपलचे. कारण ते चांगले उघडतात. फोन ॲपलचा नसेल, तर सोनीचेच घ्यावेत आणि उघडायचे बटण कुठे आहे ते आधी शिकून घ्यावे. एकाने विचारले, "मास्तर, गाणे कशात चांगले वाजते?" मी म्हटले, ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त कळते.