शून्य कुठं धरायचं?

माझा धंदा काय होता हे सांगितलं की टेंभुर्णीतली मंडळी आधी गप्प होतात आणि मग माझ्यासाठी चहा मागवतात. मी चाळीस वर्षं अमेरिकेत मोजमापाच्या यंत्रांची शून्यं लावत होतो. तराजू असो, दाबमापक असो की तापमापक, त्यात काहीच नसताना ते 'काही नाही' असंच सांगतंय ना, हे तपासायचं. मोठ्या वहिनींनी याचा सारांश फार पूर्वीच काढून ठेवला आहे : "भाऊजी तिकडं काही नसलेलं मोजतात आणि त्याचे डॉलर घेतात."

अशा माणसानं आयुष्याविषयी बोलू नये म्हणतात. पण शून्य ही चीज दिसते तितकी निरुपद्रवी नाही. जगातली निम्मी भांडणं आकड्यांवरून होतात असं आपण समजतो. खरं म्हणजे ती शून्यावरून होत असतात, आणि शून्य कुठं धरलंय हे सांगायचं मात्र दोन्ही पक्ष विसरलेले असतात.

थर्मामीटरचंच बघा. सेल्सियस साहेबांनी 1742 साली पाण्याची उकळी शून्यावर ठेवली आणि बर्फ शंभरावर. ते गेल्यावर लोकांनी ती मोजपट्टी उलटी केली. पाण्याला याचा पत्ताही नव्हता. ते आपलं पूर्वीसारखंच उकळत राहिलं. फॅरनहाइट साहेबांनी तर बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणात शून्य शोधलं, आणि अमेरिका अजून त्याच मिश्रणात पाय सोडून बसली आहे. हे दोन गृहस्थ एकाच आकड्यावर भेटतात, उणे 40 वर. तिथं दोघांचं संपूर्ण एकमत. भारत आणि अमेरिका यांचंही असंच आहे. एरवी कशावर जमत नाही, पण 'हल्लीची पोरं ऐकत नाहीत' या उण्या मुद्द्यावर लास व्हेगासमधले माझे शेजारी आणि टेंभुर्णीतले माझे बंधू एका सुरात बोलतात.

आम्ही परदेशस्थ मंडळी विमानातून उतरतो तीच मुळी आपापलं शून्य खिशात घालून. मग हॉर्न उणे, धूळ उणे, एस. टी. स्टँड फारच उणे. टेंभुर्णीचंही शून्य तयारच असतं. शेजाऱ्याकडे जाताना आधी फोन करावा लागतो, हे ऐकून वहिनींनी अख्ख्या अमेरिकेला एका झटक्यात गोठणबिंदूच्या खाली नेऊन ठेवलं होतं. दोन्हीकडची मोजणी तंतोतंत बरोबर असते. फक्त शून्यं वेगळी.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं सापेक्षच ठरवलंत तर मग शास्त्र कशाला हवं? 1976 च्या घटनादुरुस्तीनं तर शास्त्रीय दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्यच करून टाकलं आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला प्रयोगशाळेत नाही, उजनी धरणावर मिळालं, म्हणून ते सांगतो.

2024 च्या जूनमध्ये नातू माझ्याबरोबर गावी होता. जन्म लास व्हेगासचा, मराठी घरापुरतं. पुतण्यानं सकाळी पेपर उघडला आणि खिन्न आवाजात म्हणाला, "काका, उजनी उणे साठला टेकली." नातू दचकला. उणे तापमान त्याला ठाऊक होतं, उणे पाणी त्यानं कधी ऐकलं नव्हतं. "म्हणजे धरणात नसलेलं पाणीसुद्धा संपलं?"

पुतण्या शेतकरी आहे, त्यामुळे त्याला गणित समजावून सांगता येतं. तो म्हणाला, "हे बघ, समज पाण्याची टाकी आहे आणि तिला नळ बुडाशी नाही, मध्यावर बसवलाय. पाणी नळापर्यंत उतरलं की आपण म्हणायचं शून्य. त्याच्या खालचं काढायचं तर मोटर लावायची. ते पाणी म्हणजे उसनं काढलेलं."

यापेक्षा चांगली व्याख्या मला करता आली नसती. उजनी भरली की तिच्यात सुमारे 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट पाणी असतं. त्यातलं 63 टीएमसीच्या वर शून्याच्या खाली. ह्याला सरकारी भाषेत 'मृत साठा' म्हणतात. निम्म्याहून अधिक धरण मृत आणि उरलेलं जिवंत! शून्य आणि शंभर यांच्यामधली उंची सहा मीटरसुद्धा नाही, साधारण दुमजली घराएवढी. मी कागद घेऊन हिशेब केला. उणे साठ टक्क्यांना उजनीत जवळजवळ 31 टीएमसी पाणी होतं. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली, तरी त्यांचा उपयुक्त साठा होतो 29 टीएमसीच्या आसपास. म्हणजे पुणेकर ज्या आकड्याला पेढे वाटतील, त्याहून जास्त पाण्याला आमचा जिल्हा उणे साठ म्हणून कपाळाला हात लावून बसला होता.

याचा अर्थ पेपरवाले खोटं लिहीत होते असा नाही. कालव्याच्या दाराशी उभं राहिलं तर पाणी खरोखरच नव्हतं. सोलापूर शहराचं पाणी उपसायला पंपांवर पंप लावावे लागतात ते अशा वेळी. शून्य खरंच होतं, पण ते दाराचं शून्य होतं.

अमेरिकेत याच्या बरोबर उलटा प्रकार. आमचं लास व्हेगास नव्वद टक्के पाणी कोलोराडो नदीचं पितं, हूव्हर धरणामागच्या मीड सरोवरातून. तिथं पाणी टक्क्यांत नाही, समुद्रसपाटीपासूनच्या फुटांत सांगायची पद्धत. 2022 च्या उन्हाळ्यात आकडा होता 1,040 फूट. भरलेलं असताना 1,229. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगं पंच्याऐंशी टक्क्यांनी पास झालं! प्रत्यक्षात सरोवर सुमारे 27 टक्के भरलेलं होतं. समुद्र तिथून शेकडो मैल दूर, पण त्याचं शून्य आणून बसवल्यामुळे लोक निर्धास्तपणे हिरवळीवर पाणी मारत होते. इकडचं शून्य घाबरवतं, तिकडचं झोपवतं. पाणी दोन्हीकडे आपलं मुकाट.

तेव्हा शास्त्र हवं ते यासाठी. शून्य आपण ठरवतो, पाणी आपण ठरवत नाही. शून्य कुठंही सरकवा, उकळत्या पाण्यात बोट घातलं की भाजतंच. 'उणे किती' हे ऐकल्यावर 'म्हणजे प्रत्यक्षात किती?' असं विचारणं, एवढाच माझ्या मते शास्त्रीय दृष्टिकोन. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पुतण्याजवळ तो आहे आणि टायवाल्या कित्येकांजवळ नसतो.

इथं हा निबंध संपायला हरकत नव्हती. पण आमच्या शेजारी आबा राहतात. वय ऐंशीच्या पुढं. त्यांचं गाव भीमेच्या काठी होतं, ते सत्तरच्या दशकात धरणात गेलं. ते रोज संध्याकाळी कट्ट्यावर येऊन पुतण्याला एकच प्रश्न विचारतात, "किती झालं?" त्या दिवशी साठ ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "मग सगळं गाव वर आलं असंल," ते म्हणाले. "आमचा उंबरा उणे पन्नासला उघडा पडतुय."

मी आयुष्यभर आकडे वाचले, पण घराचा पत्ता टक्क्यांत सांगणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी नातू त्यांच्याबरोबर जीपमधून जाऊन आला. भेगाळलेला गाळ, जोत्यांचे दगड, विहिरीचं कडं. काही लोकांनी गाळपेर करून चाराही घेतला होता. आबांनी त्याला उंबऱ्याच्या दगडावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. अशी जागा आपल्याकडेही आहे, हे नातवानं मला आल्यावर सांगितलं. सेंट थॉमस हे गाव मीड सरोवरात बुडालं, शेवटचा रहिवासी 1938 साली होडीत बसून निघून गेला. पाणी ओसरलं तसं तेही वर आलं. आता तिथं पायवाट आहे, पर्यटक येतात. आबांच्या गावाला पाटी नाही. आहे ती रोजच्या पेपरातली टक्केवारी.

इथं माझ्या शून्याच्या शास्त्राला एक पुरवणी जोडावी लागते. शून्य कुठं धरलंय हा पहिला प्रश्न. ते धरताना त्याच्या खाली कोण राहत होतं, हा दुसरा. पहिला यंत्राला विचारता येतो. दुसरा माणसांनाच विचारावा लागतो, आणि तो विचारायला चांगले शिकलेले लोकही कचरतात, कारण उत्तर घरापर्यंत येतं. आमच्या बंधूंच्या घराचा दुसरा मजला उसाचा, ऊस उजनीच्या पाण्याचा, आणि ते पाणी आबांच्या उंबऱ्यावरचं. धरण नको होतं, असं मी म्हणणार नाही. या दुष्काळी मुलखात तसं म्हणायला फार लांब, लास व्हेगासलाच राहावं लागेल. पण ब्रह्मगुप्तानं 628 साली शून्याचे नियम लिहिले तेव्हा शून्याच्या वरच्या संख्येला नाव दिलं धन आणि खालच्या संख्येला ऋण. ऋण म्हणजे कर्ज. पुतण्यानं 'उसनं' म्हटलं ते उगाच नाही. गणितात ऋण गुणिले ऋण धन होतं. व्यवहारात ते कुणाच्या तरी नावावर राहतं, आणि निदान ते कुणाकडून घेतलंय हे तरी घरात ठाऊक असावं.

ऑगस्टमध्ये हीच उजनी शंभरी ओलांडून गेली. पुतण्याचा आनंदानं लास व्हेगासला फोन आला, मध्यरात्री. मी विचारलं, "आबांना सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हणाले, बुडालं का परत? बरं झालं. पाऊस चांगला झाला म्हणायचा."